तीन सह्यांचा नियम

३ फेब्रुवारी १९९१, रविवार. रामनगर

बेळगावहून सकाळच्या बसनं निघालो आणि जेवणवेळेला रामनगरच्या नाक्यावर उतरलो. गोव्याकडं जाणाऱ्या ट्रकांची धूळ डोळ्यांत गेली, पिशवीचा बंद तुटला, तरी मी खुशीत होतो. छापखाना बंद पडल्यापासून सहा महिने भावाच्या घरी बसून वहिनीच्या हातचं जेवत होतो, आणि जेवणाबरोबर तिचे सुस्कारेही गिळत होतो. आता ते संपलं. आता मी कामाचा माणूस झालो.

न्यायला यशवंतअण्णा स्वतः आले होते. हे तेरोळी ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष. यांचं तेरोळी गाव सात वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि सगळी माणसं इथं वसाहतीत येऊन राहिली. गाव गेलं म्हणून त्यांनी गावाची वही केली. घराला एक पान. कुणाचं दार कुठं, विहीर कुठं, कोण कधी मेलं, कोण कुठं दिली, सगळं त्यात. ज्याला आठवेल त्यानं येऊन लिहायचं, ज्याला चूक दिसेल त्यानं खोडून आपलं लिहायचं. सात वर्षं ही खोडाखोड चालू आहे. गेल्या साली अण्णा ती वही छापायला घेऊन आमच्याकडं आले होते. मी मुद्रितं तपासणारा. पाच पानं वाचली आणि वही परत देत म्हटलं, अण्णा, हे पुस्तक नव्हे, हे भांडण आहे. ते त्यांनी मनात ठेवलं. भांडण मिटवायला बाहेरचा माणूस हवा, ज्याच्या मागं गावात कुणी नाही असा. म्हणून मला बोलावणं आलं.

उतरायची सोय अनुसयाअक्कांच्या मागच्या खोलीत आहे. पन्नाशीची विधवा बाई, बोलायला कमी, वाढायला सढळ. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि वर तळलेली सुकी मासळी. मी जन्मात एक धडा शिकवलेला नाही, पण इथं लिहिणारा तो मास्तर, तेव्हा मी पुंडलिक मास्तर झालोय. ही रोजनिशी पेन्सिलीनं लिहितो. शाईची बाटली वहीसाठी राखून ठेवलीय.

१० फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर नुसतं ऐकलं. आज मंडळाच्या खोलीत सगळ्यांना बसवून माझे नियम वाचून दाखवले आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला डकवले. यापुढं वहीत जो तो पेन्सिलीनं लिहील. ज्याला पटेल तो खाली सही करील नाहीतर अंगठा उठवील. ज्या मजकुराला दुसऱ्यापेक्षा तीन सह्या जास्त, तो खरा, आणि तो मी शाईनं पक्का करणार. पक्का झालेला मजकूर बदलायचा तर नव्या मजकुराला निदान तीन सह्या हव्यात. जो मजकूर ज्याच्याविषयी आहे त्यानं त्याखाली सही करायची नाही, मग तो कुणीही असो. मी एक दिवसाहून जास्त गावाबाहेर असलो तर काम अडू नये म्हणून शाई अण्णा करतील.

अण्णा म्हणाले, एवढी साधी गोष्ट आम्हाला सात वर्षं सुचली न्हाई. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, रात्रभर तेच आठवत होतो.

पहिला निकाल फणसाचा. लखू म्हणतो फणस माझ्या परड्यात, उमाजी म्हणतो माझ्या. दोघे साठीचे, दोघांनी फणसासाठी एकमेकांकडचं जेवणखाण बंद केलेलं. लखूला पाच सह्या, उमाजीला दोन. केली शाई.

११ फेब्रुवारी, सोमवार

उमाजी सकाळी भेटला. रागावला असेल म्हणून मी रस्ता बदलत होतो, तर तोच हाक मारून म्हणाला की फणस लखूचाच, त्याच्या आजोबानं लावलेला, आपण लहानपणी चोरून गरे खायचो. अगदी डोळे भरून सांगत होता. हरलेला माणूस इतक्या लवकर निवळलेला मी पाहिला नव्हता. नियम चांगला असला की माणसंही चांगली होतात, असं अक्कांना म्हणालो. त्या भाकरी थापत राहिल्या.

२४ फेब्रुवारी, रविवार

तीसेक पानं झाली. विहीर लिंबाखाली ठरली, पायवाट ओढ्याच्या अलीकडून ठरली. ज्याच्या विरुद्ध निकाल जातो तो दुसऱ्या दिवशी हसत येतो.

आज पान एक्केचाळीस उघडलं. फुलाचं घर. फुला ही अनुसयाअक्कांची धाकटी जाऊ, गाव सुटलं तेव्हा पस्तिशीची, तरुणपणी विधवा झालेली, मूलबाळ नाही. गावच्या देवीचं ठाणं तिच्याच माजघरात होतं आणि देवीपुढचा दिवा ती लावायची. अण्णांनी लिहिलंय की फुला सगळ्यांबरोबर शेवटच्या ट्रकातून आली आणि पुढं मावशीकडं निघून गेली. खाली अकरा सह्या. त्याच्याही खाली दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेली एकच ओळ आहे, ‘फुला आली नाही’, आणि तिला एकच अंगठा. तो भिकाजीचा.

जेवताना अक्कांना विचारलं. तव्यावरची भाकरी करपून धूर निघेपर्यंत त्यांनी ती उलटली नाही.

३ मार्च, रविवार

भिकाजी आला होता. पूर्वी नदीवर होडी चालवायचा. आता काठी टेकत चालतो आणि अंगाला विडीचा वास मारतो. बसायला सांगितलं तरी दारातच उभा राहिला. त्याचं म्हणणं जसंच्या तसं उतरवतो.

“देवीनं गाव सोडायला कौल दिला न्हाई, मास्तर. तीनदा पाकळी लावली, तीनदा डावी पडली. मग गुरव म्हणाला, दिवा इझता कामा नये, कुणीतरी मागं ऱ्हायलाच पायजे. फुलाच्या मागं बोलणारं कोण न्हवतं. ती माजघरात दिवा लावत हुती, तवा भायेरनं कडी घातली. मी घातली कडी. ती आतून माजंच नाव घेऊन हाका मारत हुती. तेवढं एक पान खरं ऱ्हाऊ दे.”

मी विचारलं, आणखी सह्या मिळतील का. तो म्हणाला, कोण देणार? मे महिन्यात पाणी उतरलं की घराचं दार दिसतं, कडी अजून बाहेरनं आहे, स्वतः येऊन बघा. मी म्हटलं, बघणं हे माझं काम नव्हे, सह्या मोजणं माझं काम.

तो खरं सांगत होता. हे मला तेव्हाच कळलं होतं, अक्कांची भाकरी करपली तेव्हाही कळलं होतं. पण एका म्हाताऱ्यासाठी नियम मोडला तर माझ्या तीस निकालांना काय अर्थ राहिला? आणि अण्णा मला इथंच कायमचं घर द्यायचं म्हणतायत. तेही खरं.

भिकाजीसमोरच शाई केली. त्याची ओळ पट्टी ठेवून नीट खोडली. तो खोडलेल्या जागेकडं बघत राहिला आणि मग गेला.

४ मार्च, सोमवार

हॉटेलात भिकाजी अण्णांबरोबर चहा पीत बसला होता. मला बोलावून शेजारी बसवलं. फुला शेवटच्या ट्रकात आपल्याच शेजारी बसली होती, तिचं गाठोडं आपण मांडीवर घेतलं होतं, असं सांगत होता. तोंडावरून सात वर्षांचा शीण उतरल्यासारखा दिसत होता. मी हळूच कडीचं विचारलं. “कसली कडी, मास्तर?” म्हणाला.

मस्करी करत नव्हता. मी घरी येऊन कालची नोंद वाचली. माझ्याच अक्षरात आहे. म्हणजे मी ऐकलं ते ऐकलं. वहीत जे पक्कं होतं ते सगळ्यांना तसंच आठवतं, आणि या रोजनिशीचा वहीशी काही संबंध नाही म्हणून एकट्या मला आधीचं माहीत आहे. आता ही पिशवीत तळाला ठेवणार.

१७ मार्च, रविवार

फुला आली.

भर बारा वाजता. नाक्यावर एक ट्रक थांबला, त्यातून गाठोडं घेऊन एक बाई उतरली आणि अनुसयाअक्कांचं घर विचारत आली. पस्तिशीची असेल. म्हणजे सात वर्षांपूर्वी होती तेवढीच. केस निथळत होते. लुगड्याचा काठ चिखलानं जड झाला होता आणि सारवलेल्या जमिनीवर ओली पावलं उमटत होती. ऊन असं की कौलं तापून तडकत होती.

कुणालाही नवल वाटलं नाही. अक्कांनी आनंदानं फुलाबाय म्हणून जवळ घेतलं, मावशी बरी आहे ना विचारलं आणि ताट वाढलं. मीही त्याच पंक्तीला. तिनं मासळीला हात लावला नाही. बोटांची कातडी फार वेळ धुणं धुतल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली. तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी ताट सारून उठलो.

२६ मार्च, मंगळवार

ती कुणाला त्रास देत नाही. दिवसभर पाट्यावर वाटते, निवडते, झाडते. तिन्हीसांजेला मात्र उठून दारात येते आणि धरणाच्या दिशेला बघून विचारते, “थंय दिवा कोण लावतं?” मग आत येऊन पुन्हा झाडू लागते.

ती आल्यापासून वसाहतीत देवापुढचा एकही दिवा लागत नाही. वात कोरडी, तेल चांगलं, काडी पेटते आणि वातीजवळ नेली की विझते. काल उमाजीची गाय व्याली. वासराच्या नाकातोंडातून पाणी आलं आणि ते मेलं. कोरड्या गोठ्यात.

मी गणित मांडलं. कुणीतरी मागं राहायलाच हवं होतं. फुला राहिली होती. मी लिहिलं की ती आली. तर मग तिथं आता कोण आहे?

५ एप्रिल, शुक्रवार

उमाजी मेला. दुपारी जेवून खाटेवर लवंडला होता. उचलला तर तोंडातून ओंजळभर गढूळ पाणी आलं. त्यात शेवाळ होतं.

घाबरून मी जे केलं ते लिहितो. पान एक्केचाळीसवर पेन्सिलीनं लिहिलं, फुला आली नाही, ती मागंच राहिली. तीन सह्या मिळाल्या की ती परत जाईल. जिवंत बाईला पुन्हा त्या माजघरात घालायला मी घरोघर सह्या मागत हिंडलो. एकानंही दिली नाही. भिकाजी तर थुंकला. असलं काळं करणारा माणूस मास्तर कसला, म्हणाला.

परत आलो तर ती माझ्या खोलीत वही मांडीवर घेऊन बसलेली. तिला वाचता येत नाही. काय लिवलंय ते वाचा म्हणाली. मी वाचलं. वाचायचं टाळता आलं असतं, दुसरं काहीही वाचून दाखवता आलं असतं, पण तेच वाचलं. ती रागावली नाही. वही मिटून माझ्या हातात दिली. मिटलेल्या पानांतून पाणी ठिबकत होतं.

१४ एप्रिल, रविवार

आज सगळे माझ्याकडं आले. अण्णा, अक्का, लखू, भिकाजी. अण्णा नेहमीसारखेच मऊ बोलले. पान एक्केचाळीसवर एक मजकूर राहून गेला होता, तो घातलाय, बघून शाई करा, म्हणाले.

मजकूर असा. ‘फुला ट्रकातून आली. दिव्यापाशी वही लिहिणारे पुंडलिक मास्तर राहिले. गाव सुटण्याआधीच ते आले होते. त्यांच्या मागं कुणी नव्हतं. मी राहतो असं ते स्वतःच म्हणाले.’

खाली चौदा सह्या. पेन्सिलीनं माझी ओळ खोडलेली, तीही पट्टी ठेवून, नीट. फुलाचा अंगठा नाही. मजकूर तिच्याविषयी आहे म्हणून घेतला नाही, असं अण्णांनी मुद्दाम सांगितलं.

मी ओरडलो की हे खोटं आहे, मी फेब्रुवारीत आलो, अण्णा तुम्हीच नाक्यावर आला होता. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, तसं तुमी लिवा की खाली, कुणाची सही मिळाली तर बघू. मी लिहिलं आणि सही करायला गेलो, तर भिकाजीनं भिंतीवरच्या कागदाकडं बोट दाखवलं. मजकूर माझ्याविषयी आहे. मला सही करता येत नाही.

अक्का रडत होत्या. म्हणाल्या, “मास्तर, वाईट वाटून घेऊ नगा. आमची सगळी पोरंबाळं हायत.” त्यांनीही सही केली आहे. चौथी.

१६ एप्रिल, मंगळवार

शाईची बाटली विहिरीत टाकली. शाई नाही तर पक्कं नाही. अण्णांना कळलं. ते हसले सुद्धा नाहीत. सावकाश होऊ द्या म्हणाले.

लखूच्या घरी काल नातू जन्मला. अंगावर शेवाळ. रडलाच नाही.

उद्या पहाटेच्या बसनं बेळगाव. वही त्यांची, गाव त्यांचं, पाप त्यांचं. माझं काय जातं?

१८ एप्रिल. बेळगाव

विसरलो होतो. माझाच नियम. एक दिवसाहून जास्त बाहेर असलो तर अण्णा— आणि दुकानात शाई मिळतेच की.

काल पोचलो तेव्हा दादा कामानिमित्त बाहेरगावी आणि घराला कुलूप, म्हणून धर्मशाळेत राहिलो. आज दुपारी गेलो. दादानंच दार उघडलं आणि विचारलं, कोण हवंय आपल्याला? मी दादा म्हटलं. तो मागं सरला.

वहिनीनं पाणी दिलं. भिंतीवर माझा फोटो. चंदनाचा हार. खाली साल घातलंय, १९८४. वहिनी सांगत होती की धाकटे भाऊजी त्या धरणाकडच्या गावाची वही लिहायला गेले ते परत आले नाहीत, फार गुणी होते, खाण्याची कधी तक्रार नाही. पदरानं डोळे पुसत होती. मी समोर बसून ऐकलं. जिवंतपणी माझ्याबद्दल ती इतकं चांगलं कधी बोलली नव्हती.

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. दादानं हाताला धरून बाहेर काढलं, हळू, वेड्याला काढतात तसं.

शाई पक्की झालेली आहे. बदलायची तर वहीतच. परत जाणं आलं. तीन सह्या. कुणाच्या तरी पाया पडेन. फुलाच्याच पडेन.

रामनगर. तारीख बहुतेक १९

नाक्यावर ट्रक उभा. सगळे आधीच बसलेले. अण्णा म्हणाले, चला मास्तर, तुमच्यासाठीच थांबलोय. मी पळालो. पाय मात्र ट्रकाकडंच—

भिकाजीनं हात देऊन वर घेतलं. माझी पिशवी मांडीवर घेतली. प्रेमानं.

तारीख नाही

धरणाचं पाणी कुठंच नाही. ट्रक सरळ खाली उतरला. गाव. उभं गाव, कौलांसकट.

फणस लखूच्या परड्यात. विहीर लिंबाखाली. पायवाट ओढ्याच्या अलीकडून. जिथं जिथं मी ठरवलं तिथं तिथं. माझी एकही चूक नाही त्यात.

घराचं दार उघडं. आत गारवा. देवीचा दगड, दिवा, तेलाचं भांडं. अक्कांनी भाकरी बांधून दिली. चार. म्हणजे किती दिवस—

अण्णा म्हणाले, दिवा तेवढा लावा, आमी भायेर हाव. लावला. पहिल्या काडीला पेटला. सगळ्यांनी हात जोडले. पाठीमागं दार—

कडी.

भिकाजीला हाका मारल्या. नाव घेऊन. तो दारापलीकडं उभा होता. विडीचा वास येत होता. मग येईनासा झाला.

तिसरी भाकरी

फटीतून दिसतं ते लिहितो. ट्रक चालू झालाय. कालपासून चालूच आहे, जात नाही, माणसं बसतच आहेत. फुला मागच्या बाजूला. केस कोरडे. भिकाजीच्या मांडीवर गाठोडं. तिनं माझ्याकडं पाहिलं. हात वर केला नाही.

गेला ट्रक.

उंबऱ्याखालून पाणी. बोटभर. दिवा चांगला जळतोय.

ही रोजनिशी आहे तोवर खरं आहे. कुणाची सही लागत नाही हिला. पहिली नोंद वाचतो. ३ फेब्रुवारी, रामनगर, नाक्यावर अण्णा. पेन्सिल पुसट झालीय. साल नीट लागत नाही. चौऱ्याऐंशीच दिसतंय.

घोट्यापर्यंत

पुन्हा लिहून ठेवतो, पक्कं. दिव्यापाशी फुला राहिली होती. भिकाजीनं कडी घातली. मला त्यानं स्वतः सांगितलं, दारात उभा राहून, काठी—

कधी सांगितलं? फुला तर ट्रकात होती. मी पाहिली.

गुडघे. तेलाचं भांडं वर ठेवलं. वात सरळ केली. दिवा विझता कामा नये.

बाहेर कडी नसावी. दार फुगलं असेल ओलीनं. माणसं चांगली होती सगळी. अक्का रडल्या. कुणीतरी राहायलाच हवं होतं, पोरंबाळं होती त्यांची, माझ्या मागं कुणी नव्हतं. कुणी मला सांगितलं नाही. मीच उठून म्हणालो, तुम्ही जा, मी रा